कटऑफकाका

"इकॉनॉमिक्स? बी.ए. की बी.एस्सी.?"

हा प्रश्न कटऑफकाका लिफ्टच्या दारात पाय ठेवून विचारतात. पाय अशासाठी, की उत्तर मिळेपर्यंत दार मिटू नये. समोरचं पोर बहुधा नववी-दहावीतलं असतं, त्याला क्लासला उशीर झालेला असतो आणि आपण इकॉनॉमिक्स घेणार आहोत ही बातमी त्याला स्वतःलाही त्याच क्षणी कळत असते. त्याची आई कधीतरी भाजीच्या गाडीपाशी काकूंना म्हणालेली असते, "हा सायन्स नको म्हणतोय हो." काकांना एवढं पुरतं. त्या रात्री त्यांच्या लॅपटॉपवर पोराच्या नावाची नवी ओळ उघडते.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे, बाकी कुठे नाही. 'कटऑफकाका' हे नाव पडलं २०११ साली. त्या जूनमध्ये दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बी.कॉम. ऑनर्सच्या पहिल्या यादीत, बारावीला कॉमर्स न घेतलेल्या मुलांसाठी, चक्क शंभर टक्क्यांचा कटऑफ लावला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून त्या वर्षी दिल्लीला कुणीही जाणार नव्हतं. तरी काकांनी ती बातमी कापून नोटीस बोर्डावर, पाणीकपातीच्या वेळापत्रकावर टाचली. पाणी कधी येणार ते दोन दिवस कुणाला कळलं नाही. शंभर टक्क्यांचं मात्र भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही कळलं. पुढे २०२१ मध्ये त्याच कॉलेजात इकॉनॉमिक्स आणि बी.कॉम. ऑनर्स दोन्हींचा कटऑफ शंभरावर गेला, तेव्हा काका दिवसभर एखाद्या घरच्या कार्यासारखे पांढरा झब्बा घालून फिरत होते. आणि लगेच पुढच्या वर्षी दिल्ली विद्यापीठाने ही पद्धतच मोडीत काढून सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा आणली. बारावीच्या टक्क्यांवर यादी लागणं बंद झालं. त्या आठवड्यात काकांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं काकू सांगतात. नाव मात्र बदललं नाही. 'सीयूईटीकाका' तोंडात बसेना.

काका एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात होते. निवृत्त झाले, पण विभाग सुटलेला नाही. कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की ते रंगीत चित्रं, गवतावर बसून हसणारी मुलं वगैरे ओलांडून थेट मागून वाचायला सुरुवात करतात. बारीक अक्षरांवर त्यांचा विश्वास आहे, मोठ्या अक्षरांवर नाही. 'सर्वोच्च पॅकेज' असं कुठे दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर उडते. "सर्वोच्च काय सांगता? वर्गात एक मुलगा सहा फूट चार इंच आहे म्हणून सगळ्यांच्या पॅंटी तेवढ्या शिवायच्या का? मिडियन सांगा!" हे ते माहितीपत्रकाला सांगतात. आणि खरं सांगायचं तर बरोबर सांगतात. कितीजण प्लेसमेंटला बसले, कितीजणांना नोकरी लागली, कितीजणांनी 'पुढे शिकायचंय' म्हणून नाव काढून घेतलं, सरासरी काढताना त्यातले कुणाकुणाला धरलं, हे प्रश्न काका हेल्पलाइनवरच्या मुलीला असे एकापाठोपाठ विचारतात, की ती बिचारी शेवटी "सर, तुम्ही कॅम्पसला भेट द्या" म्हणते. काका भेट देतात.

खासगी विद्यापीठं वर्षातून एकदा पुण्यात येतात, मोठ्या हॉटेलचा हॉल घेतात, पडद्यावर तळी आणि ग्रंथालयं दाखवतात आणि नंतर कॉफी व छोटे समोसे देतात. काका यातला एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यांचा असतो. पाल्याचं नाव विचारलं, की त्या वर्षी सोसायटीत जे पोर उपलब्ध असेल त्याचं नाव देतात. काकू मंडईत जातात ती हरियाणातल्या एका विद्यापीठाची कापडी पिशवी घेऊन, स्कूटरच्या किल्लीला ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचं कांगारू लोंबतं आणि वाणसामानाची यादी लिहायचं पेन स्कॉटलंडचं आहे.

पण काकांचं खरं काम म्हणजे ती शीट.

शीट मी पाहिली आहे. एका बाजूला कॉलेजं, दुसऱ्या बाजूला गुण द्यायचे रकाने: फी, प्लेसमेंट, हॉस्टेल, माजी विद्यार्थी, रेल्वे स्टेशनपासूनचं अंतर, 'नाव सांगितल्यावर नातेवाइकांची प्रतिक्रिया' (हा रकाना काकूंनी सुचवला), हवा, पाणी, मेस. प्रत्येक रकान्याला वजन. सरकारी एनआयआरएफ क्रमवारीवर काकांचा राग आहे, कारण तिच्यात कॉलेज आहे, विद्यापीठ आहे, मॅनेजमेंट आहे, पण अर्थशास्त्र असा वेगळा गट नाही. आणि मॅनेजमेंटचा गट बघावा तर तो मुख्यतः एम.बी.ए.वाल्या संस्थांचा. बारावीच्या मुलाने त्यात बघून करायचं काय? म्हणून काकांनी स्वतःची क्रमवारी काढली. शिक्षकांना तिच्यात पाच टक्के वजन होतं. मी विचारलं, एवढंच? काका म्हणाले, "शिक्षक बदलतात हो. इमारत राहते."

"आणि मुलाला काय आवडतं, याचा रकाना?"

"आहे की. हाइड केलाय. प्रिंटमध्ये मावत नव्हता."

या शीटच्या छापील प्रती निघतात, आडव्या, मोठ्या कागदावर. दर वर्षी नवी आवृत्ती निघते आणि जुनी काकूंच्या ताब्यात जाते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळांत डाळीच्या डब्यांखाली २०१९ पसरलेलं आहे आणि गच्चीवर कुरडया वाळतात त्या २०२२ वर.

एकदा गंमत झाली. काकांनी सगळी वजनं अगदी निःपक्षपातीपणे भरली, बटण दाबलं आणि पहिल्या क्रमांकावर आलं बीएमसीसी. म्हणजे घरापासून एका बसने जाता येणारं, १९४३ साली निघालेलं आपलं बृहन्महाराष्ट्र कॉमर्स कॉलेज, जिथून काका स्वतः बी.कॉम. झाले. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मग त्यांनी फॉर्म्युला चुकल्याचं जाहीर करून दोन दिवस घेतले आणि योग्य ते उत्तर येईपर्यंत वजनं दुरुस्त केली. काकांना त्या कॉलेजचा राग मुळीच नाही. राग आहे तो तिथे जाण्याच्या पद्धतीचा. ऐंशीच्या आधीच्या एका जूनमध्ये वडिलांनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं, खिडकीवरच्या कारकुनाला "फी किती?" विचारलं, मोजून पैसे दिले आणि येताना दोघांनी उसाचा रस प्यायला. प्रवेश झाला. कुणी कुणाशी काही ताडून पाहिलं नाही. काका ही हकीगत सांगताना अजूनही दचकतात.

बीएमसीसीच्याच आसपासच्या टेकडीच्या कुशीतल्या तुकड्यावर काका तासभर बोलू शकतात. चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात फर्ग्युसन, बीएमसीसी आणि गोखले इन्स्टिट्यूट. बाहेरगावच्या पालकांना वाटतं, सगळं एकच. काका त्यांना उभ्याउभ्या फोड करून देतात: पहिली दोन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, स्वायत्त, पण पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, रस्ता ओलांडलात की गोखले, १९३० साली धनंजयराव गाडगीळांनी पहिले संचालक म्हणून उभं केलेलं, ते स्वतःच अभिमत विद्यापीठ. फर्ग्युसनला इकॉनॉमिक्सचं बी.ए., गोखलेत बी.एस्सी. चहाची टपरी मात्र सामाईक. "म्हणजे फरक काय?" असं एखाद्या आजोबांनी विचारलंच, तर काका खिन्न होतात. मुंबईचंही तेच. पार्ल्याचं एन.एम. कॉलेज वेगळं आणि एनएमआयएमएस वेगळं, एक मुंबई विद्यापीठाखालचं, दुसरं अभिमत. आपल्या सिंबायोसिसमध्येही पुणे विद्यापीठाला जोडलेलं कॉलेज निराळं आणि अभिमत विद्यापीठातली इकॉनॉमिक्सची शाळा निराळी. 'सिंबीला मिळालं' असं कुणी पेढे देताना म्हणालं, तर काका पेढा हातात धरून ठेवतात. कुठल्या सिंबीला ते कळल्यावरच तोंडात टाकतात.

बी.ए. आणि बी.एस्सी.चा घोळ तर त्यांच्या विशेष आवडीचा. आपल्याकडे बी.ए. म्हटलं की समोरच्याचा आवाज सांत्वनाचा होतो. मुलीच्या आत्याला वाटतं, मार्क कमी पडले असावेत. काका मग केंब्रिज काढतात. केंब्रिजला इकॉनॉमिक्सची पदवी बी.ए.च, आणि काही वर्षं गेली की त्याच बी.ए.ची परीक्षा वगैरे न देता एम.ए. होते. ऑक्सफर्डला तर नुसतं इकॉनॉमिक्स पदवीला मिळतच नाही, तत्त्वज्ञान-राजकारणाबरोबर घ्या किंवा मॅनेजमेंटबरोबर घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला बी.एस्सी. एडिनबरा आणि सेंट अँड्र्यूजला जा, बारावीनंतर चार वर्षांनी हातात थेट एम.ए.! आत्याबाई हे ऐकून गप्प होतात. मुलगी फर्ग्युसनला चाललेली असते, तिचा या पाचांशी संबंध नसतो, पण घरात प्रतिष्ठा परत आलेली असते. हा काकांचा उपयोग कमी लेखू नये.

परदेशाच्या फॉर्मात त्यांचा जीव दोनदा वर-खाली होतो. ब्रिटनला एकाच यूकॅसच्या अर्जात पाचच कोर्स निवडायचे. त्यातही ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, त्या वर्षी दोन्ही नाही. हा नियम काकांना अमानुष वाटतो. "दोन्ही टाकून बघायला यांचं काय जातं?" उलट अमेरिका म्हणजे त्यांचा स्वर्ग. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश घेतल्यावरही विषय ठरवावा लागत नाही, दुसऱ्या वर्षाअखेरीपर्यंत नुसतं बघत बसता येतं. हे सांगताना काकांचे डोळे पाणावतात. फक्त त्या स्वर्गातही एक सापळा आहे, 'अर्ली डिसिजन' नावाचा: एकाच विद्यापीठाला आधी अर्ज करा आणि त्यांनी घेतलं तर तिथेच जाण्याचं वचन द्या. सी विंगमधल्या एका मुलाने असा अर्ज भरलाय हे कळल्यावर काका त्याच्या वडिलांना भेटायला गेले. साखरपुडा मोडायला जातात तसा त्यांचा चेहरा झाला होता, असं ते वडील सांगतात.

देशातला त्यांचा हळवा कोपरा इंदूर. तिथल्या आयआयएमने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. सतराव्या वर्षी आयआयएम! वडिलांना पाच वर्षं ऑफिसात सांगायला काहीतरी मिळतं. शिवाय तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येतं, आणि दार उघडं असणं काकांना फार आवडतं, मग त्यातून कुणी जावो न जावो. त्याच्या उलट झालं ते आपल्या राज्याने २०२४ मध्ये बी.बी.ए., बी.एम.एस.ला सीईटी लावली तेव्हा. एआयसीटीईने हे अभ्यासक्रम आपल्या पंखाखाली घेतले, त्यांना प्रवेशपरीक्षा आली. मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी चपळाईने नावं बदलली आणि कालचं बी.एम.एस. आज 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' झालं. म्हणजे सीईटी नको. "पाटी नवी, फळा तोच," काका म्हणाले. ज्यांनी नावं बदलली नाहीत तिथे जागा इतक्या उरल्या, की त्याच वर्षी सीईटी पुन्हा घ्यावी लागली. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काकांकडे इतके पालक आले, की काकूंनी पायपुसणं बदललं.

मी एकदा त्यांना डिवचायचं म्हणून म्हटलं, "काका, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४३ मध्ये. ते केंब्रिजला काय शिकले माहीत आहे? निसर्गविज्ञान. बक्षीस मिळालं वनस्पतिशास्त्राचं."

"ते मॅट्रिकला पहिले आले होते," काका शांतपणे म्हणाले. "पहिल्या आलेल्याने काहीही घ्यावं."

"शक्तिकांत दास इतिहासवाले. रघुराम राजन दिल्ली आयआयटीचे इंजिनिअर. संजय मल्होत्रा कानपूर आयआयटीचे."

काका काही बोलले नाहीत. पुढच्या आवृत्तीत 'गव्हर्नर' हा रकाना आला. दास यांच्यामुळे दिल्लीच्या सेंट स्टीफन्सला त्यात एक गुण आहे. मुंबईच्या सिडनहॅमला गव्हर्नरच्या रकान्यात काही नाही, पण १९१८ ते १९२० या काळात तिथे डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते, म्हणून काकांनी त्याला स्वतःच्या अधिकारात दोन गुण दिले आहेत. बाबासाहेब पुढे लंडन स्कूलला गेले, १९२३ मध्ये तिथली डी.एस्सी. घेतली, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हे सांगताना काकांचा स्वर खरोखर बदलतो. एका मुलाने भारावून विचारलं, "मग काका, मी सिडनहॅमला टाकू?" काका भानावर आले. "गेल्या प्रिलिमला किती होते तुला?"

त्यांच्या स्वतःच्या मुलाचं काय, हा प्रश्न सोसायटीत नव्याने आलेली माणसं विचारतात. जुनी माणसं विचारत नाहीत. त्याच्या बारावीनंतर काकांनी तीन कॉलेजांची तुलना हाती घेतली होती. तेव्हा लॅपटॉप नव्हता, बँकेतून आणलेल्या लेजरच्या कागदांवर सगळं चालायचं. तुलना अतिशय सुरेख झाली. ती पूर्ण झाली तेव्हा तिन्हींच्या तारखा उलटून दोन दिवस झाले होते. मुलगा गुपचूप जवळच्या, ज्याचं नाव लेजरमध्ये कुठेच नव्हतं अशा कॉलेजात नाव घालून आला. बी.कॉम. झाला, सी.ए. झाला, आता बंगळुरूला एका कंपनीचे हिशेब बघतो, सुखात आहे. हे सुखात असणं काकांना अडचणीचं होतं. त्या कॉलेजला कुठल्याही सूत्राने पन्नासाच्या वर गुण मिळत नाहीत.

"तो आउटलायर आहे," काका म्हणतात.

"पोटचा मुलगा आहे तो," काकू आतून म्हणतात.

आंब्याचंही असंच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून काका मार्केट यार्डात जातात, देवगड बघतात, रत्नागिरी बघतात, पेटी हुंगतात, भाव लिहून आणतात. मेमध्ये सूत्र पक्कं होतं. जूनमध्ये पाऊस पडतो आणि काकू डब्यातला आमरस आणतात. निवडीच्या शास्त्रात मूळ धडा हा, की एक घेताना दुसरं सोडावं लागतं आणि विचार करत बसण्यालाही किंमत पडते; इकॉनॉमिक्सच्या कुठल्याही कॉलेजात, काकांच्या यादीतल्या शेवटच्यातसुद्धा, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. काका कॉमर्सचे पदवीधर. त्या तासाला बहुधा उसाचा रस प्यायला गेले असावेत.

एवढं असूनही एक गोष्ट आहे जिच्यात काका कधी गमतीत नसतात. अकरावी कॉमर्सला आपल्या बोर्डात मुलांपुढे एक फाटा येतो: गणित घ्यायचं की एस.पी., म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. दहावीच्या गणिताने पोळलेली मुलं हसत हसत एस.पी. घेतात, मार्कही चांगले पडतात. बी विंगमधल्या एका गुणी मुलाने घेतलं होतं. एस.पी. कॉलेजात एस.पी., असा विनोदही झाला घरात. बारावीच्या डिसेंबरमध्ये त्याला दिल्लीला इकॉनॉमिक्स ऑनर्स करावंसं वाटलं, आई-वडील पेढ्याच्या उत्साहाने काकांकडे आले. काकांनी गुणपत्रिका पाहिली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीत गणिताचा पेपर लागतोच. लंडन स्कूलसारख्या ठिकाणीही गणिताशिवाय पाऊल ठेवता येत नाही. ज्या विषयाच्या नावात पैसा आणि बाजार आहे तो आत गेल्यावर निम्मा कॅलक्युलस आणि संख्याशास्त्र असतो, हे कुणी त्या मुलाला सोळाव्या वर्षी सांगितलंच नव्हतं. त्याला बी.कॉम.ची वाट होती, ती त्याने घेतली, उत्तम चाललंय त्याचं. पण काकांनी त्या रात्री शीट उघडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्टच्या दारात पाय घालू लागले.

चिऊ आमच्या वरच्या मजल्यावरची. ती दहावीत असताना काकांनी तिला असंच अडवलं होतं. "गणित सोडायचं नाही. रडलीस तरी चालेल." ती नंतर दोन वर्षं अधूनमधून रडली, गणित सोडलं नाही. काकांना हा प्रसंग आठवत नाही. त्यांच्या दृष्टीने सल्ला म्हणजे शीट.

चिऊची शीट भव्य होती. सत्तावीस रकाने. वडिलांना गोखले हवं होतं, आजीला फर्ग्युसन, कारण दुपारी जेवायला घरी येता येईल. आईला इंदूर, पण त्या परीक्षेत चिऊचं जमलं नाही. मुंबईचं झेवियर्स मध्येच डोकावून गेलं. चिऊ या बैठकांना हजर असायची, मोबाइल बघत. काका प्रश्न तिच्या आईला विचारायचे: "हिला हॉस्टेलचं जेवण चालेल का? हिला स्टॅटिस्टिक्स झेपेल का?" आई म्हणायची, "तुम्हीच बघा काका, आम्हाला यातलं काही कळत नाही."

दिल्लीची पहिली फेरी लागली त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी काका चहा न घेता वर गेले. चिऊला साउथ कॅम्पसमधलं एक कॉलेज मिळालं होतं, इकॉनॉमिक्स ऑनर्स. शीटमध्ये अकरावं.

दिल्लीच्या पोर्टलवर जागा स्वीकारून फी भरली की दोन वाटा असतात. 'फ्रीझ' म्हणजे मिळालं ते पक्कं. 'अपग्रेड' म्हणजे हे ठेवून वरच्याची वाट बघायची; वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं. काकांनी आयुष्यात काही फ्रीझ केलेलं नाही. ते उभे राहून बोलले. मागल्या वर्षी दुसऱ्या फेरीत कुठे किती खाली आलं, कुठल्या कॉलेजात किती मुलं इंजिनिअरिंगला पळतात, नॉर्थ कॅम्पसला मेट्रो कशी जवळ, माजी विद्यार्थी कोण कोण. आठव्या क्रमांकापर्यंत सहज, सहाव्यापर्यंत नशीब असेल तर. "अपग्रेड," ते म्हणाले. "डोळे मिटून अपग्रेड."

"मी सकाळीच फ्रीझ केलं, काका," चिऊ म्हणाली.

आईच्या हातातला कप तसाच राहिला. काका हळूच सोफ्यावर टेकले. थोड्या वेळाने त्यांनी अगदी मऊ आवाजात, आजाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "कशावरून?"

चिऊने दिल्लीतल्या त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोन मुलींना शोधून फोन केला होता. अर्थशास्त्र शिकवतं कोण, ट्युटोरिअल खरंच होतात का, एका बाकावर किती बसतात, गणितात कच्चं असलं तर कुणी समजावून सांगतं का, एवढंच विचारलं. त्यांनी सांगितलेलं तिला आवडलं. एक म्हणाली, मेसची भाजी वाईट असते पण राजमा चांगला.

"आणि लांब आहे," चिऊ म्हणाली.

"मेट्रोपासून?"

"इथून."

काकांनी शीट पाहिली. सत्तावीस रकान्यांत हे कुठेच नव्हतं.

पुढच्या फेऱ्या काकांनी एकट्याने पार पाडल्या. चिऊ जुलैअखेर दिल्लीला गेली, तिचे वर्ग सुरू झाले, तिला एकदा सर्दी आणि एकदा घरची आठवण येऊन गेली. इकडे काका तिच्या गुणांवर तिला दुसऱ्या फेरीत काय मिळालं असतं, तिसऱ्या फेरीत काय मिळालं असतं याचा पाठपुरावा करत होते. दिवाळीत ती आली तेव्हा ते फराळाच्या ताटाशेजारी कागद घेऊन तयार होते. तिसऱ्या फेरीत सातवं लागलं असतं. सातवं!

चिऊने चकली मोडत कागद नीट वाचला. "भारी आहे हो," ती म्हणाली. "काका, ही शीट मला पाठवाल? माझ्या रूममेटचा भाऊ दहावीत आहे, तिच्या घरचे फार गोंधळलेत."

काकांनी चष्मा वर केला. "कुठे असतात?"

"नागपूरला."

"आवृत्ती कुठली देऊ? नवी अजून तपासायचीय." मग ते थांबले, हातातला लाडू त्यांनी ताटात परत ठेवला आणि दारात पाय घालावा तसे किंचित पुढे सरकले. "ते राहू दे. आधी फोन लाव त्यांना. पोरगा अकरावीला गणित घेतोय ना, ते विचार."